न सांगितलेले काटे

प्रयोगशाळेच्या साहेबाने मला फसवलं. कळीतून वाढवलेली संत्र्याची रोपं तिसऱ्या वर्षी फळाला येतील आणि दिसायला अगदी कलमासारखी असतील, असं त्याने मला तोंडावर सांगितलं. दोन्ही गोष्टी खोट्या होत्या, आणि बोलताना त्याला ते ठाऊक होतं. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे मी बरंच आनंदाचं लिहिणार आहे आणि आनंदाच्या भरात माणसं असल्या गोष्टी सोडून देतात. मी सोडत नाही.

जळगाव जामोदच्या आठवडी बाजारात मी वांग्या-मिरचीची रोपं टोपलीत घेऊन बसायची. ओल्या गोणपाटाखाली जुड्या झाकलेल्या. ऊन चढलं की रोपं माना टाकतात आणि गिऱ्हाईक भाव पाडतं, म्हणून ऊन चढायच्या आत भांडून माल संपवायचा, हे मी पहिल्या महिन्यातच शिकले. नवऱ्याचा हात कलमाला चांगला. त्याने बांधलेला डोळा सहसा वाया जात नाही. पण त्याला बोलता येत नाही. कोणी अर्ध्या भावात मागितलं तर तो अर्ध्या भावात देऊन मोकळा होतो. तेव्हा आमच्यात ठरून गेलं, हात त्याचे आणि तोंड माझं. असं करत करत सातपुड्याच्या बाजूला विहिरीसकट दीड एकर घेतलं आणि हिरव्या जाळीची रोपवाटिका उभी केली.

त्या जमिनीत आधीच्या मालकाची संत्र्याची अकरा झाडं होती. व्यापारी फळं बघायला आले की त्यांचा हात आधी कुठे जातो, ते मी बघत उभी राहायची. दरवेळी तो एकाच झाडाकडे जायचा, विहिरीजवळच्या. त्याच्या फळाची साल सैल, देठाकडे छोटीशी मान काढलेली, फोडीत बी एखादं-दुसरं. खाल्ल्यावर गोडाच्या मागून जिभेच्या कडेला किंचित आंबट लागायचं आणि आणखी एक फोड उचलावीशी वाटायची. बाकीच्या दहा झाडांना ते जमलं नव्हतं. मी नवऱ्याला म्हटलं, डोळे घ्यायचे तर याच झाडाचे.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. संत्र्याचं बी लावलं तर येणाऱ्या झाडाला लांब काटे असतात आणि फळाला सात-आठ वर्षं लागतात. म्हणून कोणी बी लावत नाही. जंबेरी नावाचं रानटी लिंबू वाढवायचं, तो खुंट. त्याच्या सालीत चांगल्या झाडाच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, बसवून बांधायचा. डोळा धरला की खुंटाचा शेंडा कापून टाकायचा. मग वरचं सगळं झाड त्या डोळ्याचं होतं, काटे कमी असतात आणि लवकर फळतं. आमच्या एका झाडाच्या डोळ्यांवर आम्ही दहा वर्षं पोट भरलं. लोक माझं नाव घेत नसत, ‘बाईच्या झाडाचं कलम’ मागत.

मग एके दिवशी एक शेतकरी आला आणि वाळलेल्या फांद्यांची मोळी त्याने माझ्या टेबलावर टाकली.

“हे घ्या तुमच्या झाडाचं कलम. चौथ्या वर्षात शेंड्याकडून वाळून राह्यलं.”

“पाणी जास्त झालं असंन,” मी म्हटलं.

“पाणी मले शिकवता काय?”

मी त्याच्याशी भांडले. मोळी उचलून रस्त्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याच्या बागेत जाऊन उभी राहिले, कारण रात्रभर मला ती पानं दिसत होती. पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. तशीच पानं विहिरीजवळच्या झाडालाही एका बाजूला आली होती आणि मी त्यांना खत कमी पडलं असं म्हणत होते. पानं तपासायला पाठवली. उत्तर आलं की रोग झाडाच्या रसात आहे, औषधाने जाणार नाही, आणि डोळ्याबरोबर तो प्रत्येक कलमात गेला आहे.

त्या दिवसापासून मी कलम विकणं बंद केलं. त्या शेतकऱ्याला लिंबाची नवीन रोपं नेऊन दिली. पण मला खरी काळजी वेगळीच होती. झाडाची दोन-तीन वर्षं उरली होती. डोळा घ्यावा तर रोग येतो, न घ्यावा तर झाड संपतं. त्या चवीचं दुसरं झाड मी आजवर पाहिलेलं नव्हतं.

जिल्ह्याबाहेरच्या एका खाजगी प्रयोगशाळेत काचेच्या बाटल्यांत रोपं वाढवतात, तिथला साहेब केळीच्या रोपांच्या कामाने आमच्या भागात यायचा. मी त्याला गाठलं. तो म्हणाला, डोळा नको, कळी द्या. न उमललेल्या कळीच्या मधोमध एक बारीक दांडा असतो. त्याचे तुकडे औषधी जेलीवर ठेवले की त्यातल्या शरीराच्या साध्या पेशींपासून रोपाचे गर्भ तयार होतात. गर्भ एकेका पेशीतून येतो, जुन्या झाडाच्या रसवाहिन्यांशी त्याचा सांधा नसतो, म्हणून रोग बहुतेक मागे राहतो. आणि त्यात परागाचा संबंध नसल्याने झाड हुबेहूब तेच.

नवरा बाजूला उभा राहून ऐकत होता. घरी येताना म्हणाला, “म्हंजे त्याले बाप नाही?”

“नाही म्हणते.”

“एखादी माशी तं बसली असंन.”

“कळी उघडलीच नाही तं माशी कुठून बसते?”

“मंग चांगलं हाये. पोरं सगळी तुह्यासारखी, माह्यावर एक बी नाही.”

साहेबाशी सौदा करायला मला अख्खी दुपार लागली. पैसे मी देणार नव्हते. कळ्या माझ्या, काम त्याचं, रोपं निम्मी-निम्मी, असं ठरलं. रोपं कशी असतील हे मी तीनदा विचारलं.

“कलमासारखीच, ताई.”

“फळ कधी?”

“तिसऱ्या वर्षी. फार तर चौथ्या.”

“काटे?”

“तुमच्या झाडाला आहेत तेवढेच.”

वाटणीचा कागद मी करून घेतला. ही तीन उत्तरं कागदावर घेतली नाहीत. एवढी एक चूक माझी, ती मी मान्य करते.

आंबिया बहराच्या, म्हणजे हिवाळी फुलोऱ्याच्या, कळ्या आल्या तेव्हा थंडी होती. मुलगी सांगेल त्या मापाच्या कळ्या हव्या होत्या, पांढऱ्या झालेल्या पण मिटलेल्या. मुलगी म्हणजे प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करणारी, नुकतंच शिक्षण संपवून आलेली. मी पहाटे शिडी लावून एकेक कळी खुडली, ओल्या कापसात ठेवली, डबा बर्फात. एसटीत कंडक्टर म्हणाला, डबा वर ठेवा. मी म्हटलं, डब्याचं तिकीट काढते, पण तो मांडीवरच राहीन. तो हसला आणि तिकीट काही घेतलं नाही.

पुढे दोन-तीनदा मी तिथे गेले. चपला काढायच्या, डोक्याला टोपी, आणि काचेबाहेरून बघायचं. आत ती मुलगी ज्योतीवर चिमटा भाजून गव्हाच्या दाण्यापेक्षा लहान तुकडे जेलीवर मांडत होती. पहिल्यांदा गेले तेव्हा निम्म्याहून जास्त बश्यांना बुरशी आली होती. दुसऱ्यांदा गेले तर बरेचसे तुकडे काळे पडलेले. माझा चेहरा बघून तिने एक बशी काचेला लावून धरली. तीत खव्यासारखं पिवळसर, रवाळ काहीतरी होतं.

“काकू, हे जिवंत आहे.”

“हे काय झाड होते?”

“होईल. थांबा जरा.”

तिसऱ्या वेळी त्या खव्यावर भिजलेल्या साबुदाण्यासारखे दाणे आले होते. काही हिरवट होत होते. प्रत्येक दाण्याला त्याचं स्वतःचं मूळ आणि स्वतःचा कोंब. मी आयुष्यभर बी पेरलं, डोळे बांधले, पण बियाशिवाय बीमधलं लेकरू उघड्यावर पडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

“हे बी नाही,” ती म्हणाली, “पण बीच्या आत जे असतं ना, तेच आहे. फुलाच्या दांड्याची पेशी होती, तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावली.”

त्या वाक्यात सगळं होतं, असं आता कोणीही म्हणेल. मला ते तेव्हा कळलं नाही. आणि ज्याला कळत होतं तो साहेब माझ्या बाजूलाच उभा होता.

दीड वर्षानंतर बासष्ट रोपं पिशव्यांत तयार झाली. एकतीस माझी. पानांची तपासणी झाली, रोग नाही असा कागद मिळाला. आम्ही ती वेगळ्या जाळीत ठेवली, पहिले पंधरा दिवस वर प्लास्टिक झाकून, रोज थोडं थोडं उघडत. नवरा त्यांच्याशी बोलायचा. मी त्याला हसायची आणि तो शेतात गेला की मीही बोलायची.

दुसऱ्या वर्षी काटे आले. बारीक नव्हेत, बोटाएवढे, हिरवे, टोकदार. रोपं बांबूसारखी सरळ वर चढली होती, फांदी नाही, घेर नाही. कलम असं दिसत नाही. मी पान चुरगाळून वास घेतला. वास संत्र्याचाच होता, म्हणजे जंबेरी नव्हे. मग उरलं एकच. संत्र्याच्या बियांपासून आलेलं रोप डिट्टो असं दिसतं. रोपांच्या धंद्यातला कोणीही माणूस आणा, तो हेच सांगेल. मला एका क्षणात सगळं दिसलं. माझ्या कळ्या कुजल्या, आणि साहेबाने बाजारातल्या संत्र्याच्या बिया बाटलीत लावून माझ्या गळ्यात मारल्या. साबुदाण्याचे दाणे मी डोळ्यांनी पाहिले होते, पण ती माझीच बशी होती हे कशावरून?

मी फोन केला.

“साहेब, हे बियांची रोपं हायेत.”

“नाही ताई, तुमचीच आहेत.”

“मंग काटे काऊन?”

“थोडं थांबा. सगळं ठीक होईल.”

“किती थांबू?”

“मी मीटिंगमध्ये आहे, ताई.”

त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. मी गाडी करून गेले तर साहेब दौऱ्यावर. मुलीने नोकरी सोडलेली. परत येताना माझं डोकं इतकं तापलं होतं की घरी आल्यावर मी पाणीही प्यायले नाही.

विहिरीजवळचं झाड तोवर निम्मं वाळलं होतं. मी नवऱ्याला म्हटलं, याच्या डोळ्यांना निदान जागा तरी मिळू दे. ही काटेरी पोरं खुंट म्हणून वापरू. रोगट तर रोगट, तीन-चार वर्षं तरी फळ डोळ्यांसमोर राहील.

“कागदात निरोगी लिहिलं हाये ना वं,” तो म्हणाला.

“कागद बी त्याचाच.”

“अजून एक वर्ष पाहू.”

“झाड एक वर्ष पाहीन काय?”

त्याने डोळे बांधले. त्याच्या चांगल्या हाताने, मन नसताना. वाळत्या झाडावर कामाच्या फांद्या थोड्याच उरल्या होत्या. बावीस रोपं झाली आणि डोळे संपले. तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या, डोळे हिरवे होते. मग मी स्वतः कात्री घेऊन त्या बावीस रोपांचे शेंडे छाटले. एकेक, सपासप. मला बरं वाटलं, हेही लिहिते.

उरलेली नऊ मी बांधावर लावायला सांगितली, शेळ्या आत यायच्या तिथे, कुंपण म्हणून. काट्यांचा तेवढा तरी उपयोग.

त्या उन्हाळ्यात जुनं झाड गेलं. त्याच्यावरून घेतलेली बावीस कलमं दोन वर्षं पोसली, मग तशीच पिवळी पडली. शिरा हिरव्या, बाकी पिवळं. ती आम्ही उपटून जाळली. बाकीची दहा जुनी झाडंही काढून टाकली. संत्रा हा विषय मी घरात बंद केला. टोमॅटो, मिरची, लिंबू यांवर धंदा चालला, नव्हे, वाढला. कोणी ‘बाईच्या झाडाचं कलम’ मागायला आलं की नवरा मला आत पाठवायचा आणि गिऱ्हाइकाला स्वतःच सांगायचा, कारण मी सांगितलं असतं तर गिऱ्हाईक पुन्हा आलं नसतं.

बांधावरची नऊ झाडं वाढत राहिली. त्यांना वेगळं पाणी नाही, खत नाही. पाटाचं सुटलेलं मिळेल तेवढं. शेळ्या बंद झाल्या, तेवढंच मी लक्षात घेतलं.

सातव्या वर्षी नवरा सकाळी चहाला बसला असताना म्हणाला, “कुंपण फुललं.”

“कोणतं कुंपण?”

“तुह्यं.”

मी जाऊन बघितलं. खाली खोडावर काटे तसेच, पण वर, माझ्या हाताच्या कितीतरी वर, फांद्या पसरल्या होत्या, त्यांवर काटे जवळजवळ नव्हते, आणि पानापानांत पांढरं. बाजारातल्या बियांचं फूल, त्यात काय. पण त्या दिवसापासून पाटाचं पाणी मी तिकडे वळवलं. नवऱ्याने बघितलं आणि फावड्याने पाटाचं तोंड आणखी रुंद केलं.

फळं धरली, मोठी झाली. पावसाळा संपताना त्यांच्या देठाकडे मान दिसायला लागली. मी स्वतःला सांगत राहिले की अशी मान पुष्कळ संत्र्यांना असते. दिवाळी झाल्यावर रंग आला. तरी मी तोडू देईना. नवऱ्याने शेवटी विचारलं, “पाखरायले खाऊ घालतं काय आता?” आणि त्यानेच बांबूने एक पाडलं.

आम्ही बांधावरच बसलो. त्याने फळ माझ्या हातात दिलं. साल बोट लावताच सुटली, आतल्या फोडींना न चिकटता. तरी माझी खाण्याची हिंमत होईना. इतकी वर्षं मी साहेबाला चोर म्हणत होते. हे फळ ते असेल तर मी कोण, हाही विचार आला. एक फोड तोंडात टाकली. आधी गोड. मग थांबले. मग जिभेच्या कडेला ते आंबट आलं.

नवरा माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली. त्याने उरलेलं फळ घेतलं, अर्धं खाल्लं आणि म्हणाला, “हाव. तेच हाये.” छातीवरून कोणीतरी पोतं उतरवून ठेवलं असं वाटत होतं. मी रडले असेन. नवरा म्हणतो रडली, मी म्हणते सालीचा रस डोळ्यात उडाला.

पण फळ तेच आहे म्हणजे झाड निरोगी आहे असं नव्हे. मी त्या मुलीचा शोध काढला. ती आता चिखलीला एका कॉलेजात शिकवते. एका रविवारी ती आली, नऊही झाडांची पानं तपासायला घेऊन गेली. ते दहा-बारा दिवस मी कोणाशी भांडले नाही, असं नवरा सगळ्यांना सांगतो. मग तिचा फोन आला. नऊच्या नऊ स्वच्छ. रोगट झाडं होती तोवर बांध त्यांच्यापासून लांब पडला, आणि ती काढल्यावर आजूबाजूला संत्र्याचं दुसरं झाडच उरलं नव्हतं, मग लागण कुठून होणार होती?

कागद द्यायला ती पुन्हा आली, तेव्हा तिने मला समजावलं. कलम म्हणजे मोठ्या झाडाचा तुकडा. तो वयात आलेलाच असतो. गर्भापासून वाढलेलं झाड मात्र बालपण पुन्हा जगतं, मग तो गर्भ बीमधला असो की बशीतला. काटे म्हणजे त्याचं बालपण. ते पाच-सात वर्षांनी वरच्या फांद्यांत ओसरतं. “आता वरच्या फांद्यांचे डोळे घ्या, काकू. काटे राहणार नाहीत आणि फळही वेळेवर येईल.”

“हे तुले तवा ठाऊक होतं?”

“हो.”

“साहेबाले?”

तिने चहाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, “सर म्हणाले होते, ताईंना वर्षं सांगू नकोस. त्या सौदा मोडतील.”

मी तिच्यावर रागावले नाही. तिने नोकरीत ऐकलं आणि नंतर खरं सांगितलं, एवढं पुष्कळ लोक करत नाहीत. जाताना तिला मी फळांची पिशवी भरून दिली.

या हिवाळ्यात नवऱ्याने त्या वरच्या फांद्यांचे डोळे जंबेरीवर बांधले, किडे येणार नाहीत अशा बारीक जाळीच्या घरात. बहुतेक सगळे धरले. त्या जुन्या शेतकऱ्याला, ज्याने मोळी टाकली होती, पहिली रोपं मी कबूल केली आहेत. तो म्हणाला, “आता तं वाळत नाही ना?” मी म्हटलं, “वाळलं तं मोळी आणून टाक, मी उचलून नाही फेकत.” सकाळी उठले की आधी त्या जाळीत जाते. काही करायचं नसतं, नुसतं बघायचं असतं. झाड संपलं नाही. रात्री झोप लागते.

आता साहेब, तुमच्याशी. तुम्ही मोठ्या खुर्चीवर गेलात असं ऐकते. तुमच्या वाटणीच्या एकतीस रोपांना काटे आले तेव्हा तुम्ही त्यांचे शेंडे कापले नसणार, कारण तुम्हाला ठाऊक होतं. सात वर्षं लागतील म्हटलं असतं तर मी भांडले असते, कागद फेकला असता, आणि दुसऱ्या दिवशी परत आले असते, कारण त्या झाडासाठी मला दुसरीकडे कुठे जायला जागाच नव्हती. फोनवर ‘थोडं थांबा’ म्हणालात, तेव्हा ‘थोडं’ म्हणजे पाच वर्षं हे सांगायला किती वेळ लागला असता? नऊ झाडं वाचली ती डोळे कमी पडले म्हणून. तुमचा त्यात हात नाही. बावीस निरोगी रोपांत मी नवऱ्याच्या हाताने रोग घातला आणि माझ्या हाताने त्यांना जाळलं. त्याचं उत्तर मला तुमच्याकडून पाहिजे, फोनवर नाही, इथे येऊन, नवऱ्यासमोर. मी सकाळी सातपासून जाळीत असते.